चिंचबन रस्त्यावरचा शनिवार

मंगळवार, २८ ऑक्टोबर

आज महापालिकेकडून पत्र आलं. चार वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी आपणहून पाठवलेलं. चिंचबन रस्ता रुंद करण्याचा प्रस्ताव केंद्राच्या निधीसाठी गेला होता, तो पहिल्या चाळणीतून पार पडला आहे आणि पुढच्या महिन्यात दिल्लीचं पथक पाहणीला येणार आहे. 'कृती समितीच्या सचिव म्हणून आपल्या माहितीसाठी सविनय सादर.' खाली सही कनिष्ठ अभियंता आमोद दाते यांची.

मी पत्र उभ्यानेच दोनदा वाचलं आणि मग ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "दिल्ली ते लोहगाव दोन तास. पुढे धायरीला पोचायला वाटेत मुक्कामाची सोय करावी लागेल."

आमच्या गोपाळकृष्णांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण वर्ग समोर बसलाय असंच बोलतात. बोलू देत. मी चार वर्षांत या रस्त्यासाठी एकसष्ट पत्रं लिहिली आहेत. दूरध्वनी खात्यात बत्तीस वर्षं टिपणं लिहून जे हात घडले ते आता कामी आले. पेठेतली जागा सोडून इथे आलो तेव्हा दोन्ही बाजूंना ऊस होता आणि सात मीटरचा रस्ता ऐसपैस वाटायचा. आता त्याच सात मीटरवर अकरा मजली सोसायट्यांची माणसं ये-जा करतात. वेणूबाईंच्या घरापाशी तर बस आणि पाण्याचा टँकर समोरासमोर आले की दोघेही इंजिन बंद करून चहा प्यायला उतरतात.

आज मला फार बरं वाटतंय. एवढंच.

रविवार, २ नोव्हेंबर

पार्किंगमध्ये समितीची सभा झाली. बत्तीस माणसं होती, एरवी नऊ असतात. अध्यक्ष दीनानाथराव पाऊण तास बोलले. बँकेत मॅनेजर होते, त्यांना माणसं ऐकत बसलेली आवडतात.

कामाचा माणूस एकच, वरच्या मजल्यावरचा तेजस. मूळचा वर्ध्याचा, हिंजवडीत नोकरी. सकाळी सातला निघतो आणि दिवसाचे चार तास गाडीत काढतो. तो म्हणाला, "काकू, मी डेटा काढून राहिलो ना सगळा, तुम्ही फक्त ड्राफ्ट करा." असं म्हणणारी मुलं मला आवडतात.

त्याची बायको सृष्टीही येऊन बसली होती. आठवा लागलाय. पायांत तेजसच्या चपला होत्या. तिच्या तिला होत नाहीत म्हणे, पाय फार सुजतात. मी तिला सांगितलं, सगळ्यांचेच सुजतात. मी नवव्या महिन्यापर्यंत ऑफिसात उभी राहून काम केलंय. ती हसली. तिची आई पुलगावला असते, गुडघ्यांमुळे इतक्यात येऊ शकत नाही, म्हणून ती काही विचारायचं असलं की माझ्याकडे येते. बरं वाटतं. आमची अवनी कॅनडात, तिला मला विचारण्यासारखं काही उरलेलं नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

दात्यांचा फोन आला होता. पथक पंधरा तारखेला, शनिवारी सकाळी अकराला येणार.

शनिवारी. कंपन्यांना सुट्टी असते. मी हे बोलून दाखवलं तर ते म्हणाले, तारीख वरून ठरली आहे मॅडम, आणि तुम्ही काळजी करू नका. तरुण मुलगा आहे, त्याला काळजी करू नका म्हणायला काय जातंय.

शनिवार, ८ नोव्हेंबर

साडेदहा ते बारा वेणूबाईंच्या ओट्यावर बसून रस्ता बघितला. वेणूबाई इथल्या मूळच्या. घराच्या पडवीत भाजी विकतात. रुंदीकरणात त्यांची पडवीच जाणार आहे, तरी समितीच्या अर्जावर त्यांनी सर्वांत आधी अंगठा उठवला होता. म्हणाल्या होत्या, नातीला शाळंत जाताना रोज बघवत न्हाई.

दीड तासात एकदाही गाड्या अडल्या नाहीत. एक कुत्रं रस्त्याच्या मधोमध झोपलं होतं, त्यालाही कुणी उठवलं नाही.

"आज कसं निवांत हाय बगा," वेणूबाई म्हणाल्या.

दिल्लीची माणसं येतील, हा असा रस्ता बघतील आणि जाऊन लिहितील, गरज दिसत नाही. एकसष्ट पत्रं.

रविवार, ९ नोव्हेंबर

तोडगा सापडला. कल्पना माझी आहे. मुद्दाम इथे लिहून ठेवते, कारण दीनानाथराव ती पुढे स्वतःची म्हणून सांगतील.

सोमवार ते शुक्रवार ज्या गाड्या रस्त्यावर असतात त्याच शनिवारी आणायच्या. खोटं काही नाही. लोक तेच, गाड्या त्याच, फक्त वार वेगळा. चार सोसायट्यांतून सत्तर-एक गाड्या निघाल्या आणि पावणेअकरापासून मुख्य रस्त्यापर्यंत जाऊन परत फिरत राहिल्या की झालं. सभेत मी हे मांडलं तेव्हा टाळ्या पडल्या. दीनानाथरावांनी 'नागरिकांचा सहभाग' असं नाव दिलं. तेजसने तिथल्या तिथे मोबाइलवर ग्रुप काढला.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. म्हणाले, "म्हणजे रस्ता अडवायला तुम्हाला केंद्राचा निधी लागत नाही. आणि त्या वेळात कुणाला खरोखरीच कुठे जायचं असलं तर?"

मी म्हटलं, तासाभराचा प्रश्न आहे. त्यावर पुन्हा पेपरात डोकं. चांगल्या कामात खुसपट काढणं हा ह्यांचा जुना धंदा आहे.

बुधवार, १२ नोव्हेंबर

एकाहत्तर गाड्या झाल्या. मी वेळापत्रक केलं, कुठल्या सोसायटीने किती वाजता निघायचं, कुठे वळायचं. ह्यांच्या खोलीतल्या प्रिंटरवर चाळीस प्रती काढल्या. तेजसची गाडी अरुंद भागात, वेणूबाईंच्या घरासमोर ठेवली आहे. तिथे शांत डोक्याचा माणूस हवा.

दुपारी सृष्टी खाली आली. कालपासून डोकं ठणकतंय म्हणाली, आणि दिव्याकडे बघितलं की डोळ्यांपुढे चमकून राहिलंय. पित्त असणार. मी लिंबू-मीठ-साखरेचं सरबत करून दिलं. तिने विचारलं, डॉक्टरांना फोन करू का? तपासणी सोमवारी आहे. मी म्हटलं, सोमवारी जायचंच आहे ना, मग चार दिवसांसाठी कशाला. तेजसला सांगू नका म्हणाली, तो आधीच या रस्त्याच्या गडबडीत आहे. मी नाही सांगितलं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सगळं तयार. दात्यांना अर्थातच काही सांगितलेलं नाही. उद्या निळी इरकल नेसणार.

शनिवार, १५ नोव्हेंबर, सकाळी नऊ

हवा छान आहे. ह्यांना म्हटलं चला बघायला. नको म्हणाले, घरी बसून पेपर वाचतो. समजूत काढायला वेळ नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

काल लिहिलं नाही. आज लिहवत नाही.

बाळ गेलं. सृष्टी अजून शुद्धीवर नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

लिहायला हवं. नाहीतर आठवण आपल्या सोयीने वळायला लागेल. आत्ताच वळायला लागली आहे.

पावणेअकराला गाड्या निघाल्या. अकराला पाच मिनिटं असताना दोन्ही बाजूंनी रस्ता भरला. मी आखलं होतं त्याहून जास्त, कारण आमच्या एकाहत्तर गाड्यांत शनिवारी बाजाराला निघालेल्या, लग्नाला निघालेल्या, आमच्याशी काही संबंध नसलेल्या गाड्या येऊन अडकल्या. त्यांचा हिशोब मी धरलाच नव्हता. मी वेणूबाईंच्या ओट्यावर उभी होते आणि मला अभिमान वाटत होता.

पथकात तिघं होते. त्यांची गाडी मुख्य रस्त्यावरच ठेवून ते दात्यांबरोबर चालत आले. दीनानाथरावांनी गुच्छ दिले. पथकातल्या बाईंनी मला विचारलं, "रोज ऐसा होता है?"

मी म्हटलं, "रोज. इससे भी ज़्यादा."

तेवढ्यात सायरन ऐकू आला. आमच्या सोसायट्यांच्या बाजूने, लांबून. आता पुढचं वाक्य मला लिहायलाच हवं. सायरन ऐकून माझ्या मनात आलं, बरं झालं. आता या दिल्लीच्या लोकांना पटेल. मी त्या बाईंना हात करून दाखवलंसुद्धा, "देखिए, यही होता है." पथकातल्या एकाने मोबाइल काढून चित्रण सुरू केलं.

सायरन वाजत राहिला, जवळ आला नाही. लोक काचा खाली करून मागे बघत होते. कुणालाच गाडी हलवता येईना. पुढची हलली तर मागची, आणि पुढच्याच्या पुढे समोरून आलेल्या आमच्याच गाड्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. वेणूबाई ओट्यावरून उतरल्या आणि गाड्यांच्या बॉनेटवर थापा मारत ओरडायला लागल्या, काढा रं, बाजूला घ्या. मग माझ्याकडे वळल्या. "बाई, ह्या तुमच्याच समद्या गाड्या हायती. सांगा की त्यास्नी."

त्यांना कसं कळलं हे मला कळलं नाही. सकाळपासून त्या भाजी लावत रस्त्याकडे बघत बसल्या होत्या, एवढंच.

मी पिशवीतून फोन काढला, ग्रुपवर सांगावं म्हणून. अधिकाऱ्यांसमोर वाजू नये म्हणून मुका करून ठेवला होता. त्यावर ह्यांचे अकरा फोन येऊन गेले होते.

आणि मान वर केली तर हेच समोरून येताना दिसले. गाड्यांच्या मधून, घरातल्या लेंग्यावर, पायांत काही नाही. मला वाटलं, मला शोधायला आलेत, रागावलेत. जवळ येऊन माझा दंड धरला. म्हणाले, "पद्मजा, आत सृष्टी आहे."

वरच्या मजल्यावर काहीतरी पडल्याचा आवाज आला म्हणून हे वर गेले होते. दार नुसतं लोटलेलं होतं. ती स्वयंपाकघरात फरशीवर पडली होती आणि सगळं अंग झटके देत होतं. ह्यांनी रुग्णवाहिका बोलावली. ती आमच्या गल्लीपर्यंत आली कशी तर मागच्या गावठाणातून. आणि तिला घेऊन पुढे निघाली ती पंचवीस मिनिटं जागच्या जागी, मागेही गाड्या लागल्या म्हणून परत फिरता येईना.

तेजस माझ्यापासून वीस पावलांवर होता. मीच ठेवला होता तिथे. काचा वर, एसी चालू, कानात ते वायरलेस. मला बघून त्याने अंगठा वर करून दाखवला. मी काचेवर हात आपटला. काय सांगितलं ते आठवत नाही. तो उतरला आणि धावला. गाडीचं दार उघडंच राहिलं.

त्यांनी तिला स्ट्रेचरवरून उचलून आणलं. पुढे तेजस आणि रुग्णवाहिकेचा माणूस, मागे हे आणि एक अनोळखी गृहस्थ, आणि पुढून वाट करत वेणूबाई. गाड्यांच्या मधून स्ट्रेचर जाईना म्हणून ते खांद्यांवर घेतलं. ती माझ्या डोळ्यांसमोरून गेली. चेहरा ओळखू येत नव्हता इतका सुजला होता. मुख्य रस्त्यावर पथकाची गाडी उभी होती. त्या बाईंनी स्वतः मागचं दार उघडून धरलं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, रक्तदाब फार वाढून झटके आले, आणि तेजसला विचारलं, सूज किती दिवस होती, डोकेदुखी होती का, डोळ्यांपुढे चमकत होतं का. तेजस म्हणाला, माहीत नाही.

मी शेजारी उभी होते. मी गप्प बसले.

गुरुवार, २० नोव्हेंबर

सृष्टी शुद्धीवर आली. तिला सांगितलं. कसं ते मला माहीत नाही, मी बाहेर होते.

पथकातल्या माणसाने केलेलं चित्रण कुठून कसं बाहेर आलं कुणास ठाऊक, सगळ्यांच्या फोनवर फिरतंय. पेपरात पहिल्या पानावर आहे, अरुंद रस्त्याने घेतला बाळाचा बळी. त्यात ओट्यावर निळ्या साडीतली मी दिसते. हात करून दाखवतेय.

शनिवार, २२ नोव्हेंबर

दीनानाथराव आले होते. ग्रुप पुसून टाकला आहे, सगळ्यांना वेळापत्रकाचे कागद फाडायला सांगितलंय. म्हणाले, बोलून कुणाचंच भलं होणार नाही, बाळ परत येणार नाही आणि रस्ता मात्र हातचा जाईल. शिवाय आपण काही मुद्दाम केलेलं नाही.

हे कोपऱ्यात बसले होते. म्हणाले, "मुद्दामच केलंय. त्याच्या चाळीस प्रती माझ्या खोलीत छापल्या."

दीनानाथरावांनी चहा अर्धा ठेवला. जाताना दारात एकदम म्हणाले, कल्पना तुमची होती हे मी कुणाला सांगणार नाही वहिनी, निश्चिंत असा.

ते गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, तुम्ही विचारलं होतंत मला, कुणाला खरंच जायचं असलं तर म्हणून. मी ऐकलं नाही.

"मी विचारलं नव्हतं," हे म्हणाले. "मी विनोद केला होता. विचारायचं असतं तर तुझ्यासमोर उभं राहून विचारलं असतं."

त्या शनिवारपासून हे टोमणे मारत नाहीत. घरात इतकी शांतता मला कधी नको होती.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

सृष्टीला घरी आणलं. तिची आई आली आहे, काठी टेकत. मी भात-वरण घेऊन वर गेले. सृष्टी भिंतीकडे तोंड करून झोपली होती. आई म्हणाली, दूध येतं तिला, थांबत नाही.

तेजस मला सोडायला जिन्यापर्यंत आला. दाढी वाढलेली, तोच शर्ट. म्हणाला, "काकू, तिला सांगू नका. तिला वाटतंय मी ऑफिसच्या कामाला गेलो होतो. मी हॉर्न मारून राहिलो होतो काकू. मागे सायरन होता आणि मी म्हणून राहिलो होतो, भारी, परफेक्ट टायमिंग."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला त्याला सांगायचं होतं की मलाही तेच वाटलं होतं. सरबताचंही सांगायचं होतं. जमलं नाही. नाही सांगणार म्हणाले आणि खाली आले.

गुरुवार, ४ डिसेंबर

आमोद दात्यांकडे गेले होते. प्रस्तावाचं काय होणार ते विचारायला, असं ह्यांना सांगितलं. खरं म्हणजे त्यांना सगळं सांगून टाकायचं ठरवून गेले होते. सरकारी माणसाला सांगणं सोपं, कागदावर लिहून घेईल, संपेल.

त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मी सुरुवात कुठून करावी म्हणून विचारलं, त्या शनिवारची गर्दी पथकाने कशी नोंदली आहे?

ते म्हणाले, "गर्दी कुठे नोंदली मॅडम? वाहनांची मोजणी सप्टेंबरमध्येच झाली. कॅमेरे लावून सलग सात दिवस. गर्दीचे सगळे गुण आपल्याला तेव्हाच मिळालेत. पथक जागा ताब्यात येऊ शकते का, ते बघायला आलं होतं. रस्ता रिकामा असता तरी चाललं असतं. उलट टेपने मोजायला सोपं गेलं असतं."

मी विचारलं, मग हे मला आधी का नाही सांगितलंत?

"सांगितलं होतं की. काळजी करू नका म्हणून."

मी उठले. त्यांना काही न सांगताच उठले. बसमध्ये माझ्या शेजारच्या मुलीने मला विचारलं, आजी, बरं वाटत नाहीये का? उतरायचा थांबा दोन थांबे मागे गेला होता.

मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे उठून गेले आणि आतून रडण्याचा आवाज आला. बेचाळीस वर्षांत मी तो ऐकला नव्हता. मला रडू येत नाही.

रविवार, ७ डिसेंबर

आज सृष्टी आली. एकटी, भिंतीला धरून जिना उतरली. आईला झोप लागलीय म्हणाली, तेजस सामान आणायला गेलाय. मी तिला बसवलं. हे नमस्कार करून आतल्या खोलीत गेले आणि दार उघडं ठेवलं.

ती म्हणाली, दीनानाथकाका आले होते. अंतिम प्रस्तावासोबत तिचं एक पत्र दिल्लीला गेलं तर उपयोग होईल म्हणाले. आई म्हणून. पत्र तुम्हीच लिहून द्याल असंही म्हणाले. तिला सुचत होतं पण शब्द जुळत नव्हते. ती बोलेल, मी लिहायचं.

मी कागद घेतला. मायना लिहिला. 'शनिवार दि. १५ नोव्हेंबर रोजी सकाळी' एवढं लिहिलं. ती डोळे मिटून सांगत होती. कणीक मळत होते. डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं. मग काही आठवत नाही. इथले काका सांगतात की रुग्णवाहिका लगेच आली. पण रस्त्यावर रोजच्यासारखी गर्दी होती.

माझा पेन थांबला.

ती वाट बघत राहिली. मग म्हणाली, "लिहिलं का काकू? रोजच्यासारखी गर्दी होती."

मी म्हटलं, "नव्हती."

आणि मग मी सांगितलं. सगळं. कल्पना कुणाची, सभा कधी, गाड्या किती. सायरन ऐकून मला काय वाटलं तेही. मोजणी आधीच झाली होती आणि कशाचीच गरज नव्हती तेही. सरबताचं सांगितलं. तू डॉक्टरांना फोन करायचा म्हणत होतीस, मी नको म्हटलं. ते सांगताना ती पहिल्यांदा हलली.

तिने विचारलं, तेजसला माहीत होतं? मी हो म्हटलं. तिने विचारलं, त्याची गाडी कुठे होती? मी सांगितलं. तिथे त्याला मीच ठेवलं होतं हेही सांगितलं. तेजसला दिलेला शब्द मोडला हे मला तेव्हा आठवलंसुद्धा नाही.

खाली मुलं क्रिकेट खेळत होती. मला वाटलं, आता ही उठेल, माझ्या तोंडात मारेल. मारायला हवं होतं. ती टेबलावरच्या कागदाकडे बघत होती.

मग म्हणाली, "ते रोजच्यासारखी आहे ना, ते खोडा. आणि लिहा."

तिने सांगितलेलं मी लिहिलं. एक शब्द बदलला नाही. त्या शनिवारी रस्ता माझ्या शेजाऱ्यांनी मुद्दाम भरवला होता. माझ्या रुग्णवाहिकेच्या पुढे माझ्या नवऱ्याची गाडी होती. मला कुणी हे सांगितलं नव्हतं, आज सांगितलं. रस्ता तरीही रुंद करा, कारण सोमवार ते शुक्रवार तो कुणी न भरवता भरतो आणि तेव्हाही कुणाला तरी जायचं असतं. पण माझ्या बाळाला रस्त्याने मारलं असं कुठे लिहू नका.

"कुणाची कल्पना होती, ते नाव लिहा," ती म्हणाली.

मी माझं नाव लिहिलं. पूर्ण, आडनावासकट. तिने सही केली. कागद माझ्याकडेच ठेवला आणि म्हणाली, पाठवायचं की नाही ते आता तुम्ही बघा. उठताना तिला हात द्यायला मी पुढे झाले. तिने तो धरला नाही, हे बाहेर आले तेव्हा त्यांचा धरला.

सोमवार, ८ डिसेंबर

पत्र रजिस्टरने पाठवलं. एक प्रत दात्यांना, एक दीनानाथरावांना हातोहात. दीनानाथरावांनी दारातच उभ्याने वाचलं. म्हणाले, तुम्ही चार हजार घरांचा रस्ता घालवलात. मी राजीनाम्याचं पाकीट त्यांच्या हातात ठेवलं.

वरून दिवसभर काही आवाज नाही. संध्याकाळी सृष्टी आईबरोबर पुलगावला निघाली. तेजस बॅगा घेऊन मागे चालला होता, रिक्षात बॅगा ठेवल्या आणि बाहेरच उभा राहिला. माझ्या खिडकीकडे त्याने बघितलं नाही.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

दोन महिने काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं एवढंच होतं की सोसायटीतले लोक लिफ्टमध्ये माझ्याबरोबर चढत नाहीत. काही जण आपण त्यात नव्हतोच म्हणतात. पोलिसांनी एकदा बोलावून जबाब घेतला, मी होतं ते सांगितलं. दोघंतिघं म्हणाले, बरं केलंत, पण हळू आवाजात.

आज सकाळी फटाके वाजले. निधी मंजूर झाला. पहिल्याच यादीत चिंचबन रस्त्याचं नाव आहे. दात्यांनी फोन करून स्वतः सांगितलं. ते पत्र फाइलला लावलं गेलं, त्यावर काय शेरा पडला ते त्यांनाही माहीत नाही. वेणूबाईंनी पडवीतलं सामान आत्तापासूनच आत हलवायला घेतलंय. मी जाऊन टोपल्या उचलायला हात लावला. नको म्हणाल्या नाहीत, बोलल्याही नाहीत.

दुपारी सृष्टीचा फोन आला. नाव दोनदा वाचलं आणि मग उचलला. तिला तेजसने कळवलं होतं. तो दोन शनिवार पुलगावला जाऊन आला म्हणे. बाहेरच्या खोलीत बसतो, जेवतो आणि परत जातो. पुढचं तिने काही ठरवलेलं नाही.

तिने विचारलं, काका कसे आहेत? मी सांगितलं. विचारलं, रस्त्याचं काम कधी सुरू होणार? मी म्हटलं, मार्चअखेर म्हणतात.

मग म्हणाली, "काकू, मुलगी होती."

मी खुर्चीत बसले.

"पेपरात बाळ लिहिलं. दीनानाथकाका बाळ म्हणाले. पत्रात मी पण बाळच सांगितलं तुम्हाला. कुणी विचारलंच नाही मला."

मीही विचारलं नव्हतं.